पहिली क्रूझ ठरवताना जहाजाआधी वेळापत्रक वाचा

क्रूझची जाहिरात समोर आली की नजर आधी जहाजाच्या फोटोंवर जाते. डेकवरचे तलाव, घसरगुंड्या, काचेच्या लिफ्ट. बंदरांची नावं खाली कुठेतरी असतात, आणि जहाज तिथे किती वाजता लागणार, किती वाजता सुटणार हे त्याहून बारीक अक्षरांत. पहिल्यांदा जाणाऱ्याने हे वाचन उलट्या क्रमाने करावं, असं माझं मत आहे. आधी वेळा, मग बंदरं, मग जहाज आणि सगळ्यात शेवटी केबिन. जहाज कितीही देखणं असलं, तरी ज्या शहरासाठी पैसे भरले तिथे जेमतेम चार तास मिळाले तर हळहळ होतेच.

पायरी १: जहाजासाठी जाताय की बंदरांसाठी?

हा प्रश्न बुकिंगच्या आधी, सोबत येणाऱ्या सगळ्यांना बसवून सोडवा. लहान मुलं असतील, रोज उठून कुठे जायचा कंटाळा असेल, आराम आणि करमणूक हवी असेल तर जहाज हेच मुक्कामाचं ठिकाण समजा. अशा वेळी मोठं जहाज, कमी बंदरं आणि दोन-तीन ‘सी डे’, म्हणजे दिवसभर समुद्रातच असण्याचे दिवस, हे गणित छान जमतं. नवी गावं बघायची हौस असेल तर सी डे कमी, बंदरं जास्त आणि जहाज मध्यम आकाराचं. दोन्ही एकाच सहलीत कोंबायला गेलं की सात रात्रींत सहा बंदरं होतात. मग जहाजावरच्या ज्या गोष्टींसाठी जास्त पैसे मोजले, त्या बघायला कुणाकडे त्राण उरत नाही.

पहिल्या वेळी सात रात्री हा आकडा मला योग्य वाटतो. तीन-चार रात्रींच्या क्रूझमध्ये जहाजाची ओळख होईपर्यंत उतरायची वेळ येते, आणि त्या फेऱ्यांवर गोंगाटही जरा जास्तच असतो.

पायरी २: ऋतू

अलास्काचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर, अंटार्क्टिकाचा नोव्हेंबर ते मार्च. भूमध्य समुद्रात जहाजं वर्षभर फिरतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात. मे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध बरा. नॉर्वेत मध्यरात्रीचा सूर्य बघायचा तर जून-जुलै आणि उत्तरेचा प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) बघायचा तर हिवाळा. दोन्ही एकाच फेरीत दाखवू म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कॅरिबियनबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत त्याचा जोर सगळ्यात जास्त. याच काळात भाडं उतरतं. जहाज वादळात सापडेल ही भीती फारशी खरी नाही, कारण जहाज वळसा घालून दूर जाऊ शकतं. खरी अडचण वेगळीच आहे. वळसा घातला की ठरलेली बंदरं गळतात आणि भलतीच येतात. कंपनीच्या करारात हा अधिकार स्पष्ट लिहिलेला असतो, आणि बंदर चुकलं तर बहुधा फक्त त्या बंदराचा करच परत मिळतो. एखादं विशिष्ट बेट बघायचंच असा हट्ट असेल तर हा काळ टाळा. कुठेही गेलो तरी चालेल असा स्वभाव असेल तर मात्र याच काळात स्वस्तात जाऊन या.

पायरी ३: बंदराचं नाव नको, तास मोजा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. वेळापत्रकात ‘रोम’ लिहिलेलं असतं, पण रोमला समुद्रच नाही. जहाज लागतं चिवितावेक्कियाला, म्हणजे रोमपासून सुमारे ७५ किलोमीटरवर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो. ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, जिथून पॅरिस जवळपास २०० किलोमीटर आहे. ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे, तिथून बर्लिनला जाऊन-येऊन अख्खा दिवस प्रवासातच जातो. ‘बँकॉक’ म्हणजे बहुतेक वेळा लेम चाबांग. व्हेनिसची गोष्ट तर आणखी बदलली आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० ग्रॉस टनांपेक्षा (हे जहाजाच्या आकाराचं माप) मोठ्या जहाजांना शहराला लागून असलेल्या ज्युडेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे ‘व्हेनिस’ लिहिलेली कित्येक जहाजं प्रत्यक्षात मार्गेरा, ट्रिएस्ट किंवा राव्हेन्ना इथून सुटतात, आणि राव्हेन्नाहून व्हेनिस गाठायला रस्त्याने दोन तास तरी हवेत.

आता रोमचाच दिवस मांडून बघू. वेळापत्रक म्हणतं सकाळी ७ ते संध्याकाळी ७, म्हणजे बारा तास. पण दोर बांधून, स्थानिक अधिकाऱ्यांची मंजुरी मिळून लोक उतरायला लागेपर्यंत साडेसात तरी वाजतात. धक्क्यापासून बंदराच्या फाटकापर्यंत शटल बस, तिथून स्टेशन, मग तासाभराची रेल्वे. शहरात पाय ठेवेपर्यंत साडेनऊ. परतीचं गणित मागून मोजायचं. जहाज ७ वाजता सुटणार, म्हणजे सगळे प्रवासी साडेसहापर्यंत, काही कंपन्यांत सहापर्यंतच, जहाजावर हवेत. रेल्वे उशिरा आली तर हाताशी वेळ हवा म्हणून पाचला बंदरात पोहोचायचं, त्यासाठी साडेतीनच्या सुमाराला रोम सोडायचं. बारा तासांचे सहा उरले. त्यात कलोसियम आणि व्हॅटिकन संग्रहालय दोन्ही करायचं म्हणजे नुसती पळापळ. एकच निवडा.

तारखेचा वारही बघा. व्हॅटिकन संग्रहालय महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतं. फ्लॉरेन्सचं उफिझी सोमवारी बंद, पॅरिसचं लूव्र आणि इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद. सहल विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही.

याउलट काही बंदरांत जिना उतरलं की शहरच. माँटेनेग्रोतल्या कोटोरला जहाज धक्क्याला लागलं तर जुन्या शहराची तटबंदी रस्त्यापलीकडे असते. सिडनीला सर्क्युलर कीवर उतरलं की ऑपेरा हाउस चालत गाठता येतं. इस्तंबूलचं गलाताकडचं बंदरही भर शहरात आहे. अशा ठिकाणी सात तास मिळाले तरी ते खरोखर सात तास असतात. आणि जिथे जहाज रात्रभर थांबणार असेल तो मार्ग दोन पैसे जास्त देऊनही घ्यावा, कारण दिवसाची गर्दी ओसरल्यावरचं शहर क्रूझच्या प्रवाशाला एरवी दिसतच नाही.

वेळापत्रकात ‘टेंडर’ हा शब्दही शोधा. याचा अर्थ जहाज धक्क्याला लागत नाही, दूर नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी लोकांना किनाऱ्यावर नेतात. ग्रँड केमन बेटाचं जॉर्ज टाउन, नीसजवळचं व्हिलफ्रांश आणि ग्रीसचं सँतोरिनी ही अशी ठिकाणं. सँतोरिनीला छोटी बोट तुम्हाला कड्याच्या पायथ्याशी सोडते आणि फिरा गाव असतं वर, कड्याच्या माथ्यावर. वर जायला रोपवे, खेचरं किंवा पाचशेच्या वर पायऱ्या. तीन-चार जहाजं एकाच दिवशी आली असतील तर दुपारी खाली येताना रोपवेच्या रांगेतच तास-दीड तास जाऊ शकतो. अशा बंदरात सकाळी पहिल्या बोटीने जायचं आणि गर्दी निघायच्या आधी परतायचं. समुद्र खवळलेला असेल तर टेंडर बंद ठेवतात आणि बंदर चुकतं. व्हीलचेअर वापरणाऱ्यांना टेंडरमध्ये उतरवणं काही ठिकाणी अशक्य असतं, म्हणून त्यांनी शक्यतो धक्क्याची बंदरं असलेला मार्ग निवडावा.

आणखी एक गंमत. सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या अलास्का फेऱ्यांमध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरियाचं नाव दिसतं. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे, त्यानुसार परदेशी झेंड्याखालच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाला वाटेत एखादं परदेशी बंदर घेतल्याशिवाय अशी फेरी करता येत नाही. बहुतेक मोठी क्रूझ जहाजं परदेशी झेंड्याचीच असल्यामुळे हा थांबा घेतला जातो, आणि बऱ्याचदा तो संध्याकाळी काही तासांपुरताच असतो. व्हिक्टोरियाच्या बागा बघण्यासाठी म्हणून ती फेरी घेऊ नका.

पायरी ४: जहाज

जहाजाचा आकार ग्रॉस टनांत सांगतात. ते वजन नसून जहाजाच्या आतल्या जागेचं माप असतं. हा आकडा प्रवाशांच्या संख्येने भागला की माणशी जागा किती ते कळतं. २०२४ मध्ये आलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ जवळपास अडीच लाख ग्रॉस टनांचं आहे. प्रत्येक केबिनमध्ये दोघं धरली तर त्यावर ५,६०० च्या आसपास प्रवासी, म्हणजे भागाकार ४४-४५. २०१५ चं ‘व्हायकिंग स्टार’ त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं, सुमारे ४७,८०० टनांचं, पण प्रवासी फक्त ९३०. भागाकार ५१. लहान जहाज म्हणजे दाटीवाटी, हा समज इथे मोडतो. तिशीच्या आसपास आकडा आला तर नाश्त्याच्या वेळी टेबल शोधत फिरायची तयारी ठेवा.

मोठ्या जहाजाला करमणूक भरपूर, भाडं तुलनेने कमी आणि मुलांना तर कंटाळा म्हणून येत नाही. पण ते सगळ्या बंदरांत शिरू शकत नाही, आणि हजारो लोक एकदम उतरले की लहान गाव गच्च भरतं. ‘व्हायकिंग’ कंपनीच्या जहाजांवर १८ वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. नातवंडांना घेऊन जायचा विचार असेल तर हे पैसे भरण्याआधी कळलेलं बरं.

अंटार्क्टिकाच्या बाबतीत जहाजाचा आकार हाच निर्णायक मुद्दा आहे. तिथल्या सहल संस्थांच्या संघटनेच्या नियमांप्रमाणे ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेलं जहाज कुणालाही किनाऱ्यावर उतरवत नाही, आणि लहान जहाजांतूनही एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त लोक उतरत नाहीत. म्हणजे मोठ्या जहाजाची स्वस्त ‘अंटार्क्टिका क्रूझ’ घेतली तर पेंग्विन डेकवरूनच बघायचे.

बांधणीच्या वर्षापेक्षा शेवटची डागडुजी कधी झाली ते विचारा. जुनं पण नीट राखलेलं जहाज काही वाईट नसतं. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजांच्या स्वच्छतेची तपासणी तिथली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था करते आणि १०० पैकी गुण जाहीर करते. ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास.

पायरी ५: केबिन

केबिनचे ढोबळ चार प्रकार: खिडकी नसलेली आतली, खिडकीची, बाल्कनीची आणि स्वीट, म्हणजे मोठी ऐसपैस केबिन. दिवसभर बाहेरच असणार असाल तर आतली केबिन घेऊन वाचलेले पैसे बंदरांवर खर्च करा. मात्र तिथे दिवा मालवला की मिट्ट काळोख असतो आणि सकाळ झाल्याचं कळत नाही. अलास्का आणि नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधल्या अरुंद खाड्यांमध्ये, बाल्कनीचे पैसे वसूल होतात, कारण तिथे बघण्यासारखं जे आहे ते जहाज चालू असतानाच समोरून जातं.

प्रकारापेक्षा जागा महत्त्वाची. बुकिंग करताना डेकचा नकाशा उघडा आणि तुमच्या केबिनच्या वर काय आहे, खाली काय आहे ते बघा. वर तलावाचा डेक असेल तर पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतात. खाली नाट्यगृह किंवा नाचाचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. अगदी पुढच्या टोकाला खालच्या डेकवर असाल तर टेंडरच्या बंदरात नांगराची साखळी सुटताना भल्या सकाळी खडबडून जागे व्हाल. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असलेली जागा सगळ्यात शांत. नकाशात ‘ऑब्स्ट्रक्टेड’ लिहिलं असेल तर खिडकीसमोर जीवरक्षक बोट टांगलेली आहे असं समजा.

बोट लागण्याचा त्रास असेल तर जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या डेकवरची केबिन घ्या, तिथे हेलकावे कमी बसतात. आधुनिक जहाजांना डोलणं कमी करणारे पंख असतात, तरी मोकळ्या समुद्रात थोडं जाणवतंच. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच जवळ ठेवा आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्या, नंतर तिचा उपयोग कमी होतो. ‘गॅरंटी केबिन’ स्वस्त असते, पण त्यात फक्त प्रकाराची हमी मिळते आणि नंबर कंपनी ठरवते. ज्यांना आवाजाचा किंवा डोलण्याचा त्रास होतो त्यांनी ती घेऊ नये.

पायरी ६: खरा खर्च

जाहिरातीतला दर माणशी असतो आणि केबिनमध्ये दोघं आहेत असं धरून काढलेला असतो. एकटं जाणाऱ्याला अनेकदा जवळपास दोघांचं भाडं भरावं लागतं. या दरावर बंदर कर, रोजची माणशी टिप (बऱ्याच कंपन्यांत ती आपोआप बिलात चढते), वाय-फाय, पेयं, विशेष रेस्टॉरंट, किनाऱ्यावरच्या सहली, विमानाचं तिकीट आणि विमा हे सगळं मिळवा. दोन कंपन्यांची तुलना या शेवटच्या आकड्यावर करायची. महागड्या जहाजांच्या दरात टिप आणि पेयं धरलेली असतात, त्यामुळे दिसायला मोठा असलेला फरक कागदावर मांडला की बराच कमी होतो.

पेयांचं पॅकेज घेण्याआधी हिशेब करा. अनेक कंपन्यांत केबिनमधल्या एका प्रौढाने घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं, आणि बंदराच्या दिवशी तुम्ही दिवसभर बाहेर असता तरी त्या दिवसाचे पैसे लागतातच.

भाडं कमी हवं असेल तर एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आसपास जहाजं एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात नेली जातात, त्या फेऱ्या बघा. दिवस भरपूर, दर कमी, बंदरं मोजकी. विमानाचं तिकीट मात्र एकाच बाजूचं लागतं, ते महाग तर पडत नाही ना हे आधी तपासा.

पायरी ७: कागदपत्रं आणि तब्येत

पासपोर्ट प्रवास संपल्यानंतरही सहा महिने चालणारा हवा. व्हिसा बंदरांच्या यादीप्रमाणे तपासा, नुसता पहिल्या देशाचा नको. ग्रीसहून निघून तुर्कस्तानला जाऊन ग्रीसला परतणारी फेरी असेल तर शेंगेन क्षेत्रातून (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) बाहेर पडून पुन्हा आत येणं होतं. व्हिसा लागणाऱ्याला तिथे एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही.

जहाजावर दवाखाना असतो, पण त्याचं बिल वेगळं येतं आणि हलकं नसतं. विम्यात वैद्यकीय कारणाने जहाजावरून हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे वाचूनच पैसे भरा. गरोदरपणाचा चोविसावा आठवडा सुरू झाला असेल तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत. बाळ किमान सहा महिन्यांचं लागतं, महासागर ओलांडायचा तर बहुधा वर्षाचं. पोटाच्या साथीला कारण ठरणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबणाने हात धुवा.

पायरी ८: चढण्यापासून उतरण्यापर्यंत

जहाज जिथून सुटणार त्या शहरात आदल्या दिवशी पोहोचा. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि त्या केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होऊ शकते, म्हणून औषधं, पासपोर्ट, चार्जर आणि एक कपड्याचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री नेऊ नका, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्डही नको. आगीच्या भीतीने दोन्ही काढून घेतात. फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडलं तर बिल बघून डोळे पांढरे होतील.

आपत्कालीन सराव टाळायचा नाही. सात छोटे आणि एक लांब भोंगा ऐकला की आपलं जमण्याचं ठिकाण कोणतं, हे त्यात दाखवतात. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडालं, त्यात ३२ जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांचा सराव तेव्हा झालेलाच नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर सराव घ्यावाच लागतो.

बंदरात उतरताना दोन गोष्टी तपासा: जहाजाचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ एकच आहे का, आणि परतायची शेवटची वेळ कोणती. दैनंदिन पत्रकावर स्थानिक एजंटचा फोन नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. सहल जहाजाकडून घ्यायची की स्वतःची करायची, याला माझं सरळ उत्तर आहे. शहर दूर असेल आणि परतीचा रस्ता एकच असेल तर जहाजाची, कारण त्यांची बस अडकली तर जहाज थांबतं किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरात पोहोचवते. शहर धक्क्याला लागून असेल तर स्वतः फिरा. पैसे निम्मे लागतील आणि चाळीस जणांमागून झेंडा बघत चालावं लागणार नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढा, मग बॅग बंद करा. ज्यांना बॅगा स्वतः ओढत नेता येतात ते सकाळी सगळ्यात आधी उतरू शकतात. बिल त्याच रात्री टीव्हीवर किंवा अ‍ॅपवर तपासून घ्या, सकाळी स्वागतकक्षापुढे मोठी रांग असते. परतीचं विमान दुपारनंतरचंच घ्या, आणि बंदर विमानतळापासून लांब असेल तर संध्याकाळचं.